हेडलाइट मिणमिणतायत? किटचा डबा फोडण्याआधी मल्टिमीटर लावा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गाडी आठ वर्षांची, हेडलाइट साधे एच४ बल्बचे (एकाच हॅलोजन बल्बात अप्पर म्हणजे लांबचा आणि डिपर म्हणजे जवळचा, असे दोन्ही झोत), रात्री डिपरवर रस्ता नीट दिसत नाही. म्हणून एलईडीचं किट मागवलंय. डब्यावर जोडीचे २०,००० ल्युमेन (उजेडाचं माप) आणि ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) असं छापलंय. ते घरी बसवता येईल का, आणि त्यासाठी वायरिंग बदलावं लागेल का?

बसवता येईल. अर्ध्या तासाचं काम आहे. बॉनेट उघडायचं, मागचं रबर काढायचं, क्लिप सोडवून जुना बल्ब उतरवायचा आणि नवा चढवायचा. पण मला दुसरीच गोष्ट खटकतेय. गाडी नवी असताना याच प्रकारच्या बल्बवर तुम्ही रात्री फिरत होतात आणि तेव्हा तुमची काही तक्रार नव्हती. मग आठ वर्षांत उजेड गेला कुठे? ते न शोधता नवा बल्ब लावणं म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून मोठा पंप बसवणं.

मी वीसेक वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतोय. ‘उजेड कमी पडतो’ म्हणून आलेल्या गाड्यांत दोष निव्वळ बल्बचा निघाला, असं फार थोड्या वेळा झालं. बहुतेकदा उजेड वायरीत, पिवळ्या पडलेल्या काचेत किंवा हललेल्या फोकसमध्ये हरवलेला असतो, आणि आठ वर्षांच्या गाडीत तिन्ही थोडंथोडं. हे सगळं घरी दुरुस्त होतं. मात्र पुढचं बरंचसं साध्या वायरिंगच्या गाडीला लागू आहे. दिव्यांना कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डब्यातून, सप्लाय जाणाऱ्या गाड्यांचं वेगळं आहे, त्यावर नंतर येतो.

वायरीपासून सुरू करतो, कारण तिकडे कुणी बघतच नाही.

हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत भयंकर नाजूक असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरलं तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, जवळजवळ तीस टक्क्यांनी घसरतो. उजेड साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घातानुसार बदलतो, म्हणून असं होतं. आता तुमच्या गाडीत करंटचा प्रवास बघा: बॅटरीकडून फ्यूज बॉक्स, तिथून डॅशबोर्डाखालून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत, स्विचमधून अप्पर-डिपरच्या खटक्यातून परत पुढे दिव्यापर्यंत. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या वर खेचतात. एवढ्या करंटला पाऊण स्क्वेअर एमएमची चार मीटर वायर मिळाली, तर पाऊण व्होल्टपेक्षा जास्त निव्वळ तांब्यातच खर्च होतं. त्यात आठ वर्षं जुने काळवंडलेले स्विचचे पॉइंट, सैल झालेला होल्डर आणि गंजलेला अर्थिंगचा बोल्ट जमेला धरा.

मोजायचं कसं ते सांगतो. इंजिन चालू, डिपर चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा, साधारण १३.८ ते १४.४ यायला हवं. मग बल्बवर मोजा, पण होल्डर बल्बला लावलेलाच ठेवून, त्याच्या मागच्या बाजूने बारीक पिन आत सारून. नवखे लोक इथे हमखास चुकतात. होल्डर काढून मोजलं की मीटर बॅटरीइतकाच आकडा दाखवतो आणि माणूस ‘वायरिंग उत्तम आहे’ म्हणून निश्चिंत होतो. नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्ण दिसणारच. पाणी वाहू लागल्यावर किती उरतं ते खरं.

समजा बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर ११.९ आले. म्हणजे उजेड चाळीस टक्क्यांच्या आसपास वायरीतच गेला. हे आकडे मी घाबरवण्यासाठी निवडलेले नाहीत, जुन्या गाड्यांत असे पुष्कळदा येतात. आता हा तोटा कुठल्या बाजूला आहे ते बघा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या अर्थ टर्मिनलवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थिंगचा बोल्ट खोला, खालचा रंग-गंज घासून पत्रा चकचकीत करा, पुन्हा कसा, वरून थोडं ग्रीस लावा. काही गाड्यांत एवढ्यावरच काम भागलं आणि मी पुढे काही केलं नाही.

तोटा पॉझिटिव्हच्या बाजूला असेल तर रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. कल्पना साधी आहे: जुन्या वायरीने आता बल्ब पेटवायचा नाही, फक्त रिलेला इशारा द्यायचा. बल्बचा करंट बॅटरीकडून जाड वायरीने थेट जाईल. रिलेवर चार आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून दिव्याकडे, आणि ८५-८६ म्हणजे आतल्या कॉइलची दोन टोकं. त्यातल्या एकावर जुन्या होल्डरमधला इशारा, दुसऱ्यावर अर्थ. डिपरला एक रिले, अप्परला दुसरा. वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या. दीड मीटर लांबीत नऊ अँपिअरला ती जेमतेम एक दशांश व्होल्ट खाते.

फ्यूजबाबत मी हटवादी आहे. मुख्य २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधला तुकडा घासून उघडा पडला तर त्याला वाचवणारं कुणी नाही. शिवाय रिलेनंतर डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळे १० चे फ्यूज द्या, म्हणजे एका बाजूच्या होल्डरमध्ये शॉर्ट झाला तरी दुसरा दिवा चालू राहील. दोन्ही दिवे एकाच फ्यूजवर टाकलेली तयार हार्नेस (रिले-वायरींचे जोडलेले संच) मी पाहिली आहेत. तो फ्यूज वळणावर उडाला की काय होतं याचा विचार बनवणाऱ्याने केलेला नसतो. वायर रेडिएटरच्या पंख्यापासून आणि एग्झॉस्टपासून लांब न्या, नालीदार पाइप चढवा, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडा.

इथे एक अडचण येऊ शकते. काही गाड्यांत, विशेषतः जपानी बनावटीच्या, दिव्याला पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच निगेटिव्हच्या बाजूने जोडतो-तोडतो. अशा गाडीला वरची जोडणी चालत नाही. होल्डर काढून मीटरची काळी पिन बॉडीला लावा आणि लाल पिन तिन्ही टर्मिनलवर एकेक करून फिरवा. अप्पर-डिपर बदलताना बारा व्होल्ट एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जात असतील तर तुमची गाडी नेहमीच्या पद्धतीची. एकाच टर्मिनलवर ते ठाण मांडून बसले असतील, तर निगेटिव्ह स्विचिंगसाठीचंच हार्नेस घ्या.

कंट्रोल मॉड्यूलच्या गाड्यांबद्दल म्हणालो होतो. त्यात दिव्याला सलग सप्लाय जात नाही, सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद होत जातो. त्यावर साधा रिले लावला की तो फडफडतो, एलईडी लावला की लुकलुकतो, आणि करंट अपेक्षेपेक्षा वेगळा दिसला की डॅशबोर्डवर ‘बल्ब गेला’ अशी खूण येते. तुमच्या गाडीत अशी खूण दाखवायची सोय असेल तर वायरिंगला हात लावू नका. काच आणि फोकस, एवढंच करा.

आता काच. एच४ बल्बच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना खरी काच असते, ती पिवळी पडत नाही. तुमची पॉलिकार्बोनेटची असेल तर वरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी मरतो आणि काच धुरकट होते. त्यामुळे उजेड नुसता कमी होत नाही, विखुरतो. डिपरच्या झोताची वरची कड पुसट होते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागते. उपाय म्हणजे वॉटर पेपर: ८०० किंवा १००० नंबरपासून सुरुवात, मग १५००, २०००, ३०००, सतत पाणी मारत, आणि शेवटी पॉलिश. आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप हवाच. पहिल्या पेपरनंतर काच आधीपेक्षा भयानक दिसते. घाबरून तिथे थांबू नका.

टूथपेस्टने घासलेली काच दोन दिवस झकास दिसते, म्हणून त्याचे व्हिडिओ चालतात. पण घासताना उरलासुरला संरक्षक थरही जातो. वरून अतिनील किरणं अडवणारं क्लिअर कोट मारलं नाही, तर काच पहिल्यापेक्षा लवकर पिवळी पडते. माझ्याच गाडीवर सुरुवातीच्या काळात मी कोटाचा कंटाळा केला होता आणि काही महिन्यांत पुन्हा वॉटर पेपर हातात घ्यावा लागला. काचेच्या आत, रिफ्लेक्टरवर (उजेड पुढे फेकणाऱ्या आरशावर) मात्र फडकं फिरवू नका. त्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की बोटाच्या घासण्यानेही निघतो, आणि तो काही परत लावता येत नाही. रिफ्लेक्टरच काळवंडला किंवा पापुद्रे सुटले असतील तर पूर्ण युनिट बदलायचं, दुसरा इलाज नाही.

आता तुमच्या किटकडे येऊ. २०,००० ल्युमेनचा हिशोब आधी करू. साधा ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब १३.२ व्होल्टवर अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन देतो, हे त्याचं प्रमाणित माप; त्यात पंधरा टक्के इकडे-तिकडे. म्हणजे डब्यावरचा आकडा एका बल्बला डिपरच्या दहापट उजेड सांगतोय. चांगल्या एलईडीतून वॅटमागे १०० ल्युमेन धरले तरी एका बल्बला १०० वॅट लागतील. अंगठ्याएवढ्या पंख्याने बंद हेडलाइटमध्ये एवढी उष्णता बाहेर काढणं अवघड. डब्यावरच बारीक अक्षरांत वॅट लिहिलेले असतील ते वाचा, बरेचदा तीसच्या आसपास असतात. शिवाय चिप तापली की उजेड उतरतो, आणि डब्यावरचा आकडा थंड चिपचा असतो.

पण समजा आकडा खरा निघाला, तरी माझा आक्षेप राहतोच, आणि तो उजेडाच्या प्रमाणावर नाही. एच४ बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन फिलामेंट आहेत आणि पुढच्याखाली पत्र्याची छोटी वाटी आहे. डिपरचं फिलामेंट या वाटीवर बसतं, त्यामुळे त्याचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. भिंतीवर दिसणारी ती सरळ कड आणि एका बाजूला वर चढणारी रेघ, हे सगळं त्या वाटीचं काम. रिफ्लेक्टरची वळणं त्या बारीक फिलामेंटची जागा धरून काढलेली असतात. उजेडाचा उगम मिलिमीटरभर सरकला तरी दूरवरचा झोत विस्कटतो. एलईडीच्या चिपा एका जाड पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या असतात. पट्टी जितकी जाड तितक्या त्या मूळ जागेपासून लांब.

गंमत अशी की हे विस्कटणं चालवणाऱ्याला आवडतं. दूरचा झोत मोडतो आणि तोच उजेड गाडीपुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये सांडतो. समोर पांढराशुभ्र पट्टा दिसतो, माणूस खूश. पण जवळचा रस्ता इतका लखलखला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि ऐंशी मीटरवरचा सायकलवाला आणखी अंधारात जातो. त्यात ६५०० केल्विनचा निळसर पांढरा रंग. हॅलोजनचा साधारण ३२०० च्या आसपास असतो. निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो, आणि ओल्या रस्त्यावर तर पाणी आरशासारखं वागून आपला उजेड पुढेच पाठवून देतं. निळी काच चढवलेले हॅलोजन बल्बही याच कारणाने मी नाकारतो: निळा थर म्हणजे गाळणी, ती उजेड अडवणारच.

मग एलईडी लावलेले इतके लोक समाधानी का? यातलं थोडं कारण वरच्या वायरीच्या गोष्टीत आहे. एलईडीच्या ड्रायव्हरला (चिपांना करंट पुरवणाऱ्या सर्किटला) ११.९ व्होल्ट आले काय किंवा १३.८ आले काय, तो चिपांना तोच करंट देतो. थकलेल्या वायरिंगवर मिणमिणणारा हॅलोजन काढून एलईडी लावला की चमत्कार झाल्यासारखं वाटतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आलं: एलईडीला वायरिंग बदलावं लागत नाही. पण खरी तुलना करायची तर पूर्ण व्होल्टेज मिळणाऱ्या हॅलोजनशी करा.

सगळे एलईडी टाकाऊ असं मी म्हणत नाही. एकाच फिलामेंटचा बल्ब आणि पुढे प्रोजेक्टर (झोत जुळवणारं गोल भिंग) असलेल्या काही दिव्यांत, पातळ पट्टीचा चांगला एलईडी बरा चालतो, कारण कड बल्ब नाही, प्रोजेक्टरमधला पत्रा कापतो. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक गाड्यांसाठी, त्या-त्या मॉडेलवर तपासलेल्या एलईडी बल्बांना परवानगीही मिळाली आहे. यातला ‘ठरावीक’ हा शब्द महत्त्वाचा. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील. फिटनेस तपासणी आणि विम्याच्या दृष्टीने ते आधी बघून घ्या. तरीही किट लावणारच असाल तर एवढं पाळा: चिपा डाव्या-उजव्या बाजूला येतील असाच बल्ब फिरवा, वर-खाली नाही. आणि मागचं रबर नीट बसलंच पाहिजे. पंखा मोठा म्हणून रबर कापून टाकणारे खूप आहेत. पहिल्या पावसात काचेच्या आत दव धरतं आणि मग ते माझ्याकडे येतात.

झेनॉनचं (वायूत ठिणगी पाडून पेटणाऱ्या बल्बचं) किट रिफ्लेक्टरमध्ये नकोच, त्याला वरचेच सगळे आक्षेप आणि जोडीला पेटताना वीस-एक हजार व्होल्टचा झटका. दिवा उघडून आत नवा प्रोजेक्टर बसवणं हा खरा अपग्रेड. पण त्यात सीलंट तापवून काच सोडवावी लागते, प्रोजेक्टर अंशभरही तिरका चालत नाही, आणि परत सील करताना फट राहिली तर दिवा गेला. पहिल्या प्रयोगाला हा घेऊ नका.

जास्त वॅटचा हॅलोजन? १००/९० चा बल्ब मी तरुणपणी माझ्या गाडीत मूळ वायरिंगवर लावला होता. अप्परला दोन्ही मिळून सोळा-सतरा अँपिअर. आठवडाभर मिरवलो, मग एका रात्री प्लास्टिक जळाल्याचा वास आला. होल्डर वितळून बल्बलाच चिकटला होता आणि रिफ्लेक्टरचा वरचा भाग तपकिरी पडला होता. युनिटच बदलावं लागलं. तुमच्यासाठी चांगल्या कंपनीचा, साधा पारदर्शक काचेचा ६०/५५ चा नवा जोड पुरेसा आहे. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. ‘जास्त उजेडाचे’ म्हणून मिळणारे ६०/५५ सुद्धा चांगले असतात, फक्त त्यांचं आयुष्य कमी. काचेला बोट लावू नका. तेलकट डाग तिथे जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. बल्बच्या तीन कानांची रचना अशी असते की तो एकाच पद्धतीने नीट बसतो. एका गृहस्थांनी तीन जोड बदलले होते. बघितलं तर क्लिप वाकलेली, बल्ब तिरका, आणि सगळा उजेड झाडांच्या शेंड्यांवर.

शेवटी फोकस. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, चालकाच्या जागेवर कुणी बसलेलं, डॅशबोर्डवर दिवे खाली-वर करायचं चाक असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीला काटकोनात, पाच मीटरवर उभी करा. बल्बच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणा करून टेपने आखा. दिव्यावर किंवा बॉनेटखाली १ टक्का किंवा १.३ टक्के असं छापलेलं असतं. १ टक्का म्हणजे पाच मीटरवर डिपरची कड त्या खुणेच्या पाच सेंटिमीटर खाली. एका वेळी एकच दिवा बघा. दुसऱ्यापुढे पुठ्ठा उभा करा, काचेवर फडकं टाकून ठेवू नका, ते तापतं.

या पाच सेंटिमीटरची किंमत बघा. दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर १ टक्का उताराने कड रस्त्याला ६५ मीटरवर टेकते. तोच उतार २ टक्के झाला, म्हणजे भिंतीवर फक्त पाच सेंटिमीटरचा फरक, की ती ३२ मीटरवरच टेकते. ताशी ८० च्या वेगाने ब्रेकवर पाय जाईपर्यंतच, दीड सेकंद धरला तर, ३३ मीटर निघून जातात. कोरड्या रस्त्यावर थांबायला त्यापुढे आणखी पस्तीसेक. दिवा खाली झुकला असेल तर कुठलाही बल्ब ते अंतर भरून काढत नाही. उलट कड वर चढवून ठेवलीत तर समोरचा आंधळा होतो आणि तोच तुमच्या अंगावर येतो.

तेव्हा या रविवारी आधी मोजा, अर्थिंग घासा, काच बघा, साधा नवा जोड घाला, फोकस लावा, आणि एक रात्र चालवून बघा. बॅटरीवरचा आणि बल्बवरचा असे दोन्ही आकडे, आणि स्विच पॉझिटिव्हचा की निगेटिव्हचा, एवढं मला कळवा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर रिलेचा खटाटोपही करायची गरज नाही. किट परत करायची मुदत शिल्लक असेल तर तोवर डबा तसाच राहू द्या.